‘पाणी?’ ‘अर्धं!’

१२ जानेवारी, शुक्रवार

काचेची रबरं कुठं ठेवलीस ते आधी सांग. बॉयलरला पाणी दाखवणारी नवी काच बसवायची म्हणून मिस्त्री येऊन ताटकळला, मी सगळी कपाटं उपसली, आणि तुझ्या बापानं दोनदा काहीतरी बोलायला तोंड उघडून दोनदा मिटलं. शेवटी मिस्त्रीनं स्वतःच्या खिशातली रबरं घातली आणि वर मला ऐकवलं, ‘आजी, तुमच्याकडं शोभेची बॉयलर आहे का?’ माणसानं रुसून जावं, खुशाल जावं. मीसुद्धा तरुणपणी गेले आहे. पण जाताना सामान जागच्या जागी ठेवून जावं.

झालं. आता विचारते. शिट्टे, कशी आहेस? जेवतेस का वेळेवर, की तिथंही उभ्यानंच दोन घास गिळतेस?

फोनवर माझा आवाज ऐकला की तू ठेवून देतेस, म्हणून लिहिते आहे. माझं अक्षर म्हणजे कोंबडीनं उकरलेलं, पण वाचायला तू लहानपणीच शिकली आहेस.

इकडं सगळं ठीक आहे. या आठवड्यात लॉन्ड्री दोन दिवस बंद होती. भट्टीची साफसफाई काढली. हॉस्पिटलच्या चादरी ओल्याच राहिल्या, त्यांना वास आला, त्या परत धुतल्या. तुझ्या बापाचा हात जरा भाजलाय. चहा सांडला. कोपरापर्यंत भाजण्याएवढा चहा कोण पितं, असं विचारू नकोस. सांडला म्हणजे सांडला.

तुझ्या त्या लाल रेघेबद्दल माझं मत तू जाताना विचारलं नव्हतंस, तरी देते. काच बोटाएवढी. तिच्यात पाणी काठोकाठ असलं काय नि थेंबभर नसलं काय, लांबून दोन्ही सारखंच दिसतं, हे मला माझ्या नवऱ्यानं लग्नाच्या वर्षीच सांगितलं होतं. काचेमागं लाल रेघ ओढली की पाणी असेल तिथं ती जाड दिसते, नसेल तिथं बारीक. हे काही तू शोधून काढलेलं नाहीस, पण केलंस ते बरं केलंस. तुझ्या बापानं ती सगळ्या बायकांसमोर चाकूनं खरवडून काढली ते वाईट केलं. आणि त्यावर तू सगळ्या बायकांसमोर ‘बाबा, तुम्हाला दिसत नाही’ म्हणालीस, ते त्याहून वाईट केलंस. घरात आपलेच दात नि आपलेच ओठ असतात. इस्त्रीच्या टेबलापाशी आठ बायका असतात आणि त्यांना सोळा कान असतात.

तेव्हा दोघांनाही मी एकेक द्यायला हवी होती. तू गावाला गेलीस म्हणून वाचलीस. तो मोठा झाला म्हणून वाचला.

रबरांचं कळव.

तुझी आजी


२४ जानेवारी, बुधवार

रबरं साबणाच्या रिकाम्या डब्यात! आणि डबा माळ्यावर! माळ्यावर माकडं राहतात की माणसं?

पण तुझ्या पत्रात रबरांची एकच ओळ, बाकी सगळा जाळ. ठसकाबाईनं तुला आधीच कळवलं म्हणे. तिला इस्त्री करताना खोकला येतो, बातमी सांगताना येत नाही. ठीक आहे, तुला कळलंच आहे तर मीही लपवत नाही. साफसफाई वगैरे काही नव्हती. बॉयलरचं बूच वितळलं.

ती गोष्ट अशी. तो सोमवार होता. सकाळची पहिली वाफ आली. आपल्या घरची रीत तुला सांगायला नको. आजोबांनी घालून दिली ती अजून चालू आहे. इस्त्रीच्या टेबलावरून थोरल्या बाईनं भिंतीपलीकडं ओरडून विचारायचं, ‘पाणी?’ बॉयलरच्या खोलीतून काच बघून उत्तर यायचं. उत्तर येईस्तोवर कुणी इस्त्रीला हात लावायचा नाही. ठसकाबाई ओरडली, ‘पाणी?’ तुझा बाप ओरडला, ‘अर्धं!’ बायकांनी इस्त्र्या खाली घेतल्या.

मी चादरींच्या घड्या घालत होते. प्रेशरचं घड्याळ मला माझ्या जागेवरून दारातून दिसतं. काटा शहाण्या सुनेसारखा जागच्या जागी. पण काट्याला काय, त्याला वाफेशी मतलब. खाली पाणी संपत आलं तरी वाफ आहे तोवर काटा दिमाखात उभा. आणि मग भिंतीपलीकडं असा आवाज झाला की जणू कुणी हत्तीच्या शेपटीवर पाय दिला. सगळी खोली पांढरी. बायका चादरी टाकून रस्त्यावर. मी मात्र आत गेले, कारण माझा मुलगा आत होता.

त्या बुचाचं काम तूच मला परीक्षेच्या वेळी वाचून दाखवलं होतंस. भट्टीच्या डोक्यावर शिशाचं बूच. वर पाणी आहे तोवर ते गार राहतं. पाणी उतरलं की वितळतं, आणि वाफ थेट भट्टीत उतरून आग विझवते. त्यानं आपलं काम चोख केलं. आपल्या घरात त्या दिवशी आपलं काम चोख करणारं तेवढं एकच होतं. तुझा बाप भट्टीच्या दाराशी होता, हात सोलून निघाला. जीव वाचला.

आता तुझ्या जाळाचं. मिस्त्रीनं तुला शिफारशीची चिठ्ठी द्यायला नकार दिला, तू मोठ्या हॉस्पिटलच्या बॉयलरवर अर्ज केलायस आणि मिस्त्रीच्या चिठ्ठीशिवाय तिथं तुला दारातही उभं करत नाहीत, हे मला तुझ्या पत्रातूनच कळलं. कारणही तुझ्याच पत्रातून कळलं. आणि त्यानंतर मी जेवले नाही. दुःखानं नव्हे, रागानं. राग आला की मला अन्न गोड लागत नाही.

तर तुझ्या बापानं मिस्त्रीला सांगितलं की आदल्या रविवारी तू ट्रंक न्यायला आली होतीस, बॉयलरच्या खोलीत गेलीस आणि रागाच्या भरात काचेत पाणी येतं तो खालचा कॉक बंद करून गेलीस. म्हणून काचेत पाणी अडकून राहिलं आणि तो फसला. कॉक त्यानं नंतर स्वतः उघडला म्हणे.

मी तुला सरळ विचारते, तू सरळ सांग. रविवारी तू मला भेटलीस, ट्रंक उचललीस, आणि जाताना बॉयलरच्या खोलीत गेलीस, हे मी पाहिलं. कशाला गेलीस? कॉकला हात लावलास का? लावला असशील, तर भिंतीपलीकडं आठ बायका आणि एक म्हातारी असताना लावलास. मग माझ्या दाराशी पुन्हा येऊ नकोस. मी नात म्हणून माफ करणार नाही. बॉयलरला नातीगोती कळत नाहीत.

आणि लावला नसशील, तर तुझी चिठ्ठी मी आणते. कशी ते माझ्यावर सोड.

परतीच्या टपालानं कळव.

आजी


३ फेब्रुवारी, शनिवार

तुझं पत्र मंगळवारी आलं. दोनदा वाचलं, मग चुलीत घातलं, तुझ्या बापाच्या हाती लागू नये म्हणून. हाती लागलं असतं तरी काय वाचणार होता, ते पुढं सांगते.

तू लिहिलंस की तू त्याला ‘जाते’ म्हणायला आत गेलीस. तो काचेला नाक लावून उभा होता. तुझ्या पायांचा आवाज ऐकून वळला, तुझ्या तोंडाकडं बघितलं आणि म्हणाला, ‘ठसके, जरा चहा ठेव.’ आणि तू काही न बोलता बाहेर आलीस.

शिट्टे, तू जन्मलीस तेव्हा असं भोकाड पसरलंस की दाई म्हणाली, ही पोरगी नाही, गाडीची शिट्टी आहे. सगळं आयुष्य वाजलीस. नको तिथं वाजलीस. आणि जिथं वाजायचं तिथं नेमकी गप्प? पण ते राहू दे. तुझं खरं की खोटं हे मला ठरवायचं होतं, आणि मी नुसत्या शब्दावर विश्वास ठेवणारी बाई नाही.

संध्याकाळी त्याच्यासमोर बसले. विचारलं, ‘त्या रविवारी पोरगी आत आलेली तू पाहिलीस?’

‘पाहिली.’

‘कॉक बंद करताना पाहिलीस?’

‘आई, आता पुन्हा कशाला ते...’

‘पाहिलीस की नाही?’

‘पाहिली. म्हटलं जाऊ दे, पोर आहे.’

‘आणि चहा कुणाला सांगितलास?’

तो म्हणाला, ‘चहा? ठसकीला.’ मग त्याचं त्यालाच उमगलं असावं. कारण रविवारी ठसकाबाई येत नाही. कुठलीच बाई येत नाही. रविवारी लॉन्ड्री बंद असते आणि तो एकटा उद्यासाठी बॉयलर भरत असतो. 

मी उठले. नव्या काचा आणल्या होत्या त्यातल्या तीन नळ्या आधीच स्वयंपाकघरात तयार ठेवल्या होत्या. खालून बूच मारलेलं. एक काठोकाठ भरलेली, एक अर्धी, एक कोरडी ठणठणीत. कोरडी त्याच्यासमोर धरली.

‘किती?’

‘काय पोरखेळ लावलायस?’

‘किती ते सांग.’

‘अर्धं.’

भरलेली धरली. ‘अर्धं.’ तिसरी धरायच्या आधीच म्हणाला, ‘अर्धं.’ तीही अर्धीच होती, पण चोर तो चोरच.

कोरडी नळी मी त्याच्या हातात दिली. त्यानं ती उलटी केली. एक थेंब पडला नाही. मी भांडी घासायला घेतली. अशा वेळी माणसाकडं बघू नये. बघितलं की तो खोटं बोलतो.

मागून आवाज आला, ‘दोन वर्षं झाली, आई. सगळ्यावर धुकं आहे.’

मग सगळं बाहेर आलं. घड्याळ ताटाएवढं आहे, त्याचा काटा त्याला दिसतो. काच दिसत नाही. दोन वर्षं तो कानानं पाणी बघत होता. बॉयलरच्या अंगावर त्या दोन तोट्या आहेत ना, एक वर नि एक खाली. वरची उघडली की कोरडी वाफ फुस्स करते, खालची उघडली की पाणी फर्र करतं. बाहेर दोन्ही पांढरंच उडतं, फरक कानाला. वरचीतून फुस्स नि खालचीतून फर्र आलं की पाणी मधे कुठंतरी आहे. म्हणजे ‘अर्धं’. दोन वर्षांत भिंतीपलीकडून एकदाही ‘थोडं वर’ की ‘थोडं खाली’ असं उत्तर आलं नाही. आणि आम्ही नऊजणी आपल्या खूश, की किती हुशार माणूस, पाणी कसं कायम अर्ध्यावर ठेवतो!

मग त्या सोमवारी काय झालं? तर शनिवारी चादरी पिळायचं नवं यंत्र आलं, ते मीच घ्यायला लावलं होतं आणि मीच भिंतीला लावून बसवायला सांगितलं. सोमवारी ते सुरू झालं. आपल्याला वाटलं काय मस्त घुमतं. त्या घरघरीत त्याला फुस्स नि फर्र एकच वाटलं. बॉयलरमधे पाणी भरायचा पंप सुरू करायचा होता, केला नाही. इतकंच. कॉकला कुणाचाही हात लागला नव्हता.

मी विचारलं, ‘आणि पोरीचं नाव का घेतलंस?’

म्हणाला, ‘मिस्त्रीनं विचारलं, काचेवर कोण होतं. दिसत नाही म्हटलं असतं तर बॉयलर गेली असती. मला दुसरं काय येतं?’

‘म्हणून तिची घालवलीस?’

 उत्तरासाठी मी थांबले नाही, उठले. 

दुसऱ्या सकाळी मी स्वतः लाल रंग आणला आणि काचेमागं रेघ ओढली. वाकडी आली. पण पाण्यात जाड दिसते, बाहेर बारीक. आणि मोठ्यानं हुकूम काढला की ‘पाणी?’ला उत्तर आता मी देणार. त्यानं कोळसा टाकायचा, पंप मी सांगीन तेव्हा लावायचा. बायका हसल्या. ठसकाबाई म्हणाली, ‘आजी, या वयात?’ मी म्हटलं, ‘या वयात मला सुईत दोरा ओवता येतो, तुला खोकल्याशिवाय वाक्य ओवता येत नाही.’

हे असं फार दिवस चालणार नाही, हे मलाही कळतं. माझ्याकडं परवाना नाही. मिस्त्रीला कळलं तर भट्टीच विझवेल. आणि मी त्याला कळवणारच आहे. फक्त आधी तुझ्या बापानं स्वतःच्या तोंडानं सांगायचं. मी सांगितलं तर तुझी चिठ्ठी म्हातारीच्या वशिल्यानं आली असं होईल. मला तसली चिठ्ठी तुझ्यासाठी नको.

त्याला आठ दिवस दिलेत.

आजी


१३ फेब्रुवारी, मंगळवार

आठ दिवस लागले नाहीत, पण त्याच्या चालीनं लागलेच असते. गेल्या आठवड्यात सोमवारी सकाळीच मी चप्पल घातली आणि म्हटलं, ‘चल.’ म्हणाला, ‘उद्या जाऊ.’ मी म्हटलं, ‘उद्या तुझा हात बरा होईल आणि तुला सगळं विसरायला होईल.’ चालला. रस्ता ओलांडताना माझ्या खांद्याला धरलं. लहानपणी पदर धरायचा. आता पन्नाशीत खांदा. मी हात झटकला नाही, एवढंच.

मिस्त्रीच्या कारखान्यात तुला आठवतंय ना, पाय ठेवायला जागा नाही. लोखंडाच्या पाइपांत मिस्त्री बसलेला, समोर कुणाचा तरी सेफ्टी व्हॉल्व्ह उघडून ठेवलेला, त्यातली स्प्रिंग रॉकेलात बुडवलेली. आम्हाला बघून म्हणाला, ‘आता काय वितळलं?’

तुझा बाप उभाच राहिला. मी स्टूल ओढून बसले, कारण हे लवकर संपणार नाही हे मला दिसत होतं.

‘त्या दिवशी पोरीनं काही बंद केलं नव्हतं,’ तो म्हणाला.

मिस्त्रीनं स्प्रिंग पुसली. ‘मग कुणी केलं?’

‘कुणीच नाही. पाणी उतरलं होतं. मला दिसलं नाही. मला दोन वर्षं दिसत नाही.’

मिस्त्री असा काही शिव्या देऊ लागला की त्यातल्या निम्म्या मलाही नव्या होत्या. एकाच श्वासात पोरीला कसं बदनाम केलंस, बायकांचे जीव, बूच नसतं तर छप्पर कुठं सापडलं असतं, तीस वर्षांची दोस्ती, आणि गाढवा, डोळ्यांचं सांगायला लाज वाटते तर मरायला नाही वाटत? तुझ्या बापानं सगळं ऐकून घेतलं. एकदाही माझ्याकडं वळून बघितलं नाही. मला ते बरं वाटलं.

मग मिस्त्री म्हणाला, ‘उद्यापासून तू बॉयलरला हात लावायचा नाहीस.’

‘नाही लावत.’

‘लिहून दे.’

‘दिसत नाही म्हटलं ना. तू लिही, मी सही करतो.’

सही करताना मिस्त्रीनं त्याचं बोट धरून कागदावर जागेला लावलं. तेव्हा मी मात्र खिडकीबाहेर बघितलं. बाहेर काही नव्हतं, एक सायकल होती.

तुझी चिठ्ठी मिस्त्रीनं तिथंच लिहिली. या पाकिटात आहे. तू चढून जाऊ नयेस म्हणून मी तिच्याबद्दल काही लिहिणार नव्हते, पण एक ओळ सांगते: ‘ज्या दिवशी अपघात झाला त्या दिवशी ही मुलगी कामावर असती तर अपघात झाला नसता.’ हे मी सांगून लिहवून घेतलेलं नाही. तुझ्या बापानं सांगितलं आणि मिस्त्रीनं लिहिलं.

आता पुढचं. बॉयलरवर सध्या मिस्त्रीचा माणूस येतो. परवान्याचा आहे, कामाला चोख आहे, पण ‘पाणी?’ विचारलं की काचेची अख्खी कुंडली सांगतो. इस्त्री गार होते तरी याचं उत्तर संपत नाही. तो महिनाभर राहील. नंतर जागा रिकामी. हे मी तुला सांगते ते ‘परत ये’ म्हणून नव्हे. हॉस्पिटलची बॉयलर मोठी आहे, आपली म्हणजे तिच्यापुढं चहाची किटली. तुला तिथं घेतलं तर जा. नाही घेतलं, किंवा घेतलं आणि मन लागलं नाही, तर इथली जागा आहे. पण अर्ज करून यायचं, मिस्त्रीसमोर काचेतलं पाणी वाफेनं उडवून काच तपासून दाखवायची आणि बाकीच्यांसारखं कामाला लागायचं. घरची पोर म्हणून किल्ली मिळणार नाही. तू आलीस तर रेघ पुन्हा ओढ. माझी वाकडी आहे आणि मला रोज टोचते.

तुझ्या बापाच्या डोळ्यांचं गुरुवारी ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू पिकून दगड झालाय, दोन वर्षं काय झोपला होतात का? मी म्हटलं, नाही, बॉयलर चालवत होता. डॉक्टर हसले. त्यांना विनोद वाटला.

काल रात्री तो म्हणाला, ‘आई, तू तिला लिहितेस ना, तर तिला एवढं लिही की...’ मी तिथंच थांबवलं. मी काय तुझं टपालखातं आहे? मी तुझ्याकडून तिला काही लिहिणार नाही, आणि तिच्याकडून तुला काही वाचून दाखवणार नाही. मधे बसून दोन्हीकडचं गोड करायला मला वेळ नाही. घड्या घालायच्या राहिल्यात.

तेव्हा नीट ऐक. या पत्राचं उत्तर मला पाठवू नकोस. मी फोडणार नाही. पाकिटावर बापाचं नाव घाल. शिव्या लिहायच्या असतील तर लिही, त्याला त्या चालतात, मी मिस्त्रीकडं पाहिलं. अक्षर मोठं काढ, ओळी सुट्या ठेव. पट्टी दहा दिवसांनी निघेल, तोवर पत्र त्याच्या उशाखाली राहील आणि कुणी हात लावणार नाही. तो स्वतःच्या डोळ्यांनी वाचेल आणि तुला उत्तरही तोच देईल.